जुन्या गाडीची एमओटी

आमची गाडी मार्च 2008 ची आहे. जपानी बनावटीची, पेट्रोलवर चालणारी, पाच दारांची छोटी गाडी. इथे, इंग्लंडमधल्या शेफील्डला, या वयाच्या गाड्या रस्त्यावर भरपूर दिसतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण गाडीने तीन वर्षं ओलांडली की दरवर्षी तिला एमओटी नावाची सुरक्षा तपासणी पास व्हावीच लागते. ती नसेल तर रस्त्याचा कर भरता येत नाही, विम्याचा दावा करताना प्रश्न उभे राहतात आणि पकडलं गेलं तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. यंदा फेब्रुवारीत आमची गाडी या तपासणीत नापास झाली. काय निघालं, पुढे काय केलं आणि या सगळ्या प्रकाराचं मोल मला का वाटतं, ते लिहिते आहे.

माझी नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. पहाटेची पाळी असते तेव्हा आमच्या भागातून बस मिळत नाही. शेफील्ड हे टेकड्यांवर वसलेलं गाव, चढउतार इतके तीव्र की हिवाळ्यात काही गल्ल्यांत गाडी लावायलाही जीव धजत नाही. शाळा, पाळणाघर, रुग्णालय, सगळी ये-जा या एका गाडीवर. त्यामुळे गाडी ठीक आहे की नाही हा आमच्या घरात हौसेचा विषय नाही.

आमच्या गाडीच्या एमओटीची मुदत 12 मार्चला संपते. मुदत संपायच्या आधी एक महिना वजा एक दिवस इतक्या काळात तपासणी करून घेतली तर पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते. म्हणजे 13 फेब्रुवारीपासून कधीही गेलं तरी पुढची मुदत 12 मार्चच. मी मुद्दाम सुरुवातीचेच दिवस धरते. कारण साधं आहे. गाडी नापास झाली तरी जुन्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असते, आणि दोष धोकादायक प्रकारात मोडत नसेल तर ती चालवत दुरुस्तीला नेता येते. शेवटच्या दिवशी गेलेल्यांची पंचाईत होते: गाडी गॅरेजात अडकते, आणि ज्याने तपासली त्याच्याकडूनच, तो सांगेल त्या भावात काम करून घ्यावं लागतं.

कारच्या तपासणीची कमाल फी सरकारने ठरवलेली आहे, 54.85 पौंड. बरीच गॅरेजं त्याहून कमी घेतात. कमी फी घेणारा दुरुस्तीतून पैसे काढणार, ही शंका इथल्या लोकांनाही असते आणि ती अगदीच निराधार नाही; जो तपासतो तोच दुरुस्त करतो हा या व्यवस्थेतला कच्चा दुवा आहे. म्हणून काही जण नगरपालिकांनी आपल्या ताफ्यासाठी चालवलेल्या तपासणी केंद्रांत जातात. ती सर्वांना खुली असतात आणि तिथे बाहेरच्या गाड्यांची दुरुस्ती होत नाही, त्यामुळे दोष काढण्यात कुणाचा फायदा नसतो. मी मात्र एका सहकारिणीने सांगितलेल्या छोट्या गॅरेजात जाते. तिथला टेस्टर साठीच्या घरातला आहे, बोलतो कमी, पण विचारलं की गाडीखाली नेऊन दाखवतो. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

आदल्या रविवारी घरीच एक फेरी मारायची आमची रीत आहे. एकाने आत बसून दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न चालू करायचे, दुसऱ्याने बाहेरून पाहायचं. वायपरचं रबर फाटलंय का, काचेवरच्या फवाऱ्यात पाणी आहे का, सीटचे सगळे पट्टे झटका दिल्यावर अडकतात का. टायरसाठी इथे वीस पेन्सचं नाणं वापरतात. ते खाचेत उभं घालायचं. नाण्याची बाहेरची कड दिसत राहिली तर टायर संपत आला, नीट मोजून घ्यायचा. कायद्याने टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश रुंदीवर, पूर्ण घेराभर, निदान 1.6 मिलिमीटर खोल नक्षी लागते. समोरच्या काचेचंही माप ठरलेलं आहे. ड्रायव्हरच्या नजरेसमोरच्या पट्ट्यात 10 मिलिमीटरहून मोठा तडा चालत नाही, वायपर फिरतो त्या बाकीच्या भागात 40 पर्यंत चालतो. हे काही गुपित नाही. तपासणीची संपूर्ण नियमपुस्तिका सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येते. मी ती टप्प्याटप्प्याने वाचून काढली आहे आणि गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने निदान ब्रेक, टायर आणि गंज ही प्रकरणं वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

तपासणीच्या दिवशी गाडी थंड नेऊ नये. धुराची चाचणी इंजिन नीट तापल्यावर करायची असते, म्हणून सरळ न जाता वीसेक मिनिटांचा वळसा घेऊन गेले.

प्रत्येक केंद्रात तपासणी पाहायला जागा ठेवावी लागते. आमच्या गॅरेजात ती म्हणजे एक काच आणि दोन खुर्च्या. पाहायची परवानगी असते, मध्ये बोलायची नसते. टेस्टरने आधी गाडीचा क्रमांक आणि चेसिस नंबर पडताळला, किलोमीटरऐवजी मैलांत असलेलं मीटरचं वाचन संगणकात घातलं. मग दिवे, आरसे, दारं, सीट, पट्टे. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे एअरबॅग, एबीएस आणि इंजिनचे इशारादिवे लागतात आणि नंतर विझतात का तेही पाहिलं. ते पेटलेलेच राहिले तर गाडी नापास. बॉनेटची कडी पक्की आहे का पाहिलं. एका गोष्टीचं मला सुरुवातीला नवल वाटायचं. टेस्टरला काहीही उघडून, सोडवून पाहायची मुभा नसते. चाक काढायचं नाही, आवरण काढायचं नाही. जे उघड्या डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं आणि यंत्र मोजतं, त्यावरच निकाल. क्लच, गिअरबॉक्स किंवा इंजिनची अंतर्गत तब्येत यात येतच नाही. त्यामुळे एमओटी पास म्हणजे गाडी उत्तम, असा अर्थ कुणी काढू नये. त्या दिवशी ती रस्त्यावर येण्याइतकी सुरक्षित होती, एवढंच ते सांगतं.

ब्रेकची चाचणी मला सगळ्यात आवडते. जमिनीत बसवलेल्या रोलरवर पुढची दोन चाकं चढवतात, रोलर चाकं फिरवतात आणि टेस्टर हळूहळू पेडल दाबत जातो. प्रत्येक चाक किती जोराने धरतं ते वेगवेगळं दिसतं. मग मागची चाकं, मग हँडब्रेक. आमच्या वयाच्या गाडीला पायातल्या ब्रेकची एकूण कार्यक्षमता निदान 50 टक्के आणि हँडब्रेकची 16 टक्के लागते. सप्टेंबर 2010 पासूनच्या गाड्यांना पायातल्या ब्रेकसाठी ही अट 58 टक्के आहे. शिवाय एकाच आसावरच्या डाव्या-उजव्या चाकांत 30 टक्क्यांहून जास्त तफावत असली तरी नापास, कारण अशी गाडी जोरात ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढली जाते. रोज गाडी चालवणाऱ्याला हा फरक कळत नाही. पाय हळूहळू सवय करून घेतो. रोलर सवय करून घेत नाही.

धुराच्या नळीत यंत्राची सळी घालून मोजमाप झालं. वाढवलेल्या आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड 0.2 टक्क्यांच्या आत, हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत, आणि हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा लॅम्बडा 0.97 ते 1.03 यांच्यामध्ये. आमचे आकडे चांगले आले. इतकी वर्षं झाली तरी इंजिन अजून नीट जळतं याचं समाधान वाटलं.

मग गाडी रॅम्पवर वर गेली. टेस्टरच्या हातात बॅटरी आणि गंज ठोकून पाहायचं एक छोटं हत्यार. ड्रायव्हर साइडच्या पुढच्या चाकापाशी तो थांबला, बॅटरी आत धरून पाहत राहिला. नंतर कंडक्टर साइडला मागच्या चाकाच्या कमानीजवळ गेला, दाराखालच्या पत्र्यावर ठोकलं, पुन्हा ठोकलं. पहिला आवाज टणक होता, दुसरा नव्हता. काचेपलीकडूनही तो फरक ऐकू आला.

निकालाच्या कागदावर 2018 पासून दोष वेगवेगळ्या पायऱ्यांत लिहितात. डेंजरस म्हणजे गाडी हलवायचीच नाही. मेजर म्हणजे नापास, दुरुस्त करा आणि पुन्हा या. मायनर म्हणजे दोष आहे, लवकर काढा, पण पास. आणि शेवटी अ‍ॅडव्हायझरी, म्हणजे आज चालतंय पण लक्ष ठेवा. आमच्या कागदावर दोन मेजर होते. ड्रायव्हर साइडची पुढची कॉइल स्प्रिंग तुटलेली. आणि मागच्या सीटच्या पट्ट्याच्या जोडाजवळ, ठरलेल्या 30 सेंटिमीटरच्या आत, सिलचा, म्हणजे दारांखालच्या तुळईचा, पत्रा गंजून कमकुवत झालेला. मायनरमध्ये मागच्या नंबरप्लेटच्या दोन दिव्यांपैकी एक बंद. अ‍ॅडव्हायझरीत मागच्या ब्रेकच्या लोखंडी पाइपवर वरवरचा गंज आणि मागचे दोन्ही टायर मर्यादेच्या जवळ आलेले.

मी विचारलं, दाखवाल का? तो मला रॅम्पखाली घेऊन गेला.

स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटून खालच्या वाटीत नुसतं बसलेलं होतं. तुटका तुकडा जागेवर असल्यामुळे गाडी चालवताना आवाज नव्हता, गाडी एका बाजूला झुकलीही नव्हती. हाच तुकडा सरकला असता तर शेजारच्या टायरमध्ये घुसू शकला असता. असं का होतं तेही त्याने सांगितलं. स्प्रिंगवरचं आवरण खडी उडून टवकतं, तिथे मीठ आणि पाणी शिरतं, गंज पोलाद आतून खातो, आणि मग थंडीत एखादा खोल खड्डा शेवटचं काम करतो. इकडे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून खडेमीठ टाकतात. त्यातलं पुष्कळसं मीठ चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. त्या मिठामुळे आमच्यासारख्यांना पहाटे कामावर पोहोचता येतं आणि तेच मीठ वर्षानुवर्षं गाडीचं पोट खात राहतं. दोन्ही खरं आहे.

पण मला हलवलं ते सिलने. सिल म्हणजे दारांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ तुळई. बाहेरून पाहिलं तर रंग होता, जरा फुगलेला, एवढंच. टेस्टरने हत्याराचं टोक टेकवलं आणि पत्रा पापडासारखा मोडून आत गेला. आतला ओला, तांबूस भुगा त्याच्या बाहीवर पडला. तिथून वीतभर अंतरावर मागच्या सीटच्या पट्ट्याचा जोड होता. त्या सीटवर माझी मुलगी बसते. रोज पट्टा लावताना मी तो ओढून पाहते, अडकला का ते बघते, आणि निर्धास्त होते. धडक बसली तर माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ त्या जोडावर येते, आणि जोड ज्या पत्र्याला धरून आहे तो पत्राच जागा सोडणार असेल तर पट्टा असून उपयोग नाही. हे मला घरून, वरून, कधीच दिसलं नसतं. पट्टा ओढून पाहणाऱ्या कुठल्याच आईला दिसलं नसतं.

त्या क्षणापासून एमओटीकडे मी सरकारी सोपस्कार म्हणून पाहू शकत नाही.

घरी चर्चा झाली. गाडी विकायला काढली तर हजार-बाराशे पौंडांपलीकडे कुणी देणार नाही, आणि दुरुस्ती साडेतीनशे-चारशेच्या घरात जाणार. नवऱ्याचं म्हणणं, भंगारात देऊन दुसरी घेऊ. माझं म्हणणं, त्या पैशांत मिळणारी दुसरी गाडीही याच मिठातून गेलेली असणार आणि तिच्या पोटात काय आहे हे आपल्याला माहीत नसणार. हिच्यातलं निदान आता माहीत झालंय. इंजिन चांगलं, ब्रेक चांगले. शेवटी दुरुस्ती करायचं ठरलं.

इथे सुरुवातीच्या तारखा धरल्याचा फायदा झाला. डेंजरस काही नव्हतं, जुनं प्रमाणपत्र चालू होतं, म्हणून कागद घेऊन दोन-तीन ठिकाणी भाव विचारता आला. निकाल पटला नसता तर चालक व वाहन मानके पाहणाऱ्या डीव्हीएसए या सरकारी संस्थेकडे चौदा कामकाजाच्या दिवसांत दादही मागता आली असती. मात्र त्याआधी दुरुस्ती करायची नसते, कारण त्यांचा माणूस गाडी आहे तशी पाहतो. मला शंका नव्हती. मी भुगा पाहिला होता.

वेल्डिंगसाठी गाडी अ‍ॅटरक्लिफला नेली. एके काळी हा शेफील्डच्या पोलाद कारखान्यांचा भाग. आता कारखाने फारसे उरले नाहीत, पण पत्र्याचं काम जाणणारी माणसं अजून सापडतात. वेल्डरने आधी बॅटरीची तार सोडवली, मागचं सीट काढलं, आतलं कार्पेट उचललं. मग जो पत्रा कापायला सुरुवात केली तो थांबेचना. मला वाटलं होतं तळहाताएवढं ठिगळ लागेल. तो म्हणाला, शुद्ध धातू लागेपर्यंत कापायचं, नाहीतर नवा पत्रा सडक्या पत्र्याला जोडल्यासारखं होतं आणि पुढच्या वर्षी कडेने पुन्हा सुटतो. कापत कापत तो चांगल्या धातूपर्यंत पोहोचला, आतली मजबुतीची पट्टीही थोडी बदलली, आणि ठिगळ चारही बाजूंनी सलग शिवण घालून वेल्ड केलं. नियमही तसाच आहे: भार घेणाऱ्या भागावरच्या ठिगळाची शिवण सलग लागते, मध्ये मध्ये टाके चालत नाहीत, आणि फायबर किंवा पुटी भरून झाकलेलं तर अजिबात नाही. आणखी एक बारकी गोष्ट त्याने आपण होऊन सांगितली. वेल्डवर आत्ता पातळ प्रायमरच मारतो, अंडरसील, म्हणजे गंज रोखणारा काळा जाड लेप, फेरतपासणीनंतर मारा. टेस्टरला शिवण दिसली पाहिजे. झाकलेल्या कामावर कुणाचा विश्वास बसणार?

स्प्रिंग आमच्या गॅरेजातच बदलली, आणि दोन्ही बाजूंची बदलली, कारण एक नवी एक जुनी ठेवली तर गाडी सारखी बसत नाही. नंबरप्लेटचा दिवा नवऱ्याने घरी बसवला. मागचे टायरही बदलून टाकले. ते अ‍ॅडव्हायझरीतच होते, कायद्याने सक्ती नव्हती, पण पावसात शेफील्डच्या उतारावर दोन मिलिमीटरच्या भरवशावर राहायची माझी तयारी नाही.

दुरुस्ती दुसरीकडे केली असेल आणि दहा कामकाजाच्या दिवसांत गाडी त्याच केंद्रात परत आणली तर अर्ध्या फीपर्यंत आकारून फक्त नापास झालेले भाग पुन्हा पाहतात. दुरुस्तीसाठी गाडी तिथेच सोडली असती तर तेही पैसे लागले नसते. टेस्टरने शिवणीवरून बोट फिरवलं, हत्याराने पुन्हा ठोकलं, या वेळी सगळीकडे सारखा आवाज आला. निकाल तिथल्या तिथे संगणकावर चढला.

हा निकाल कुठे चढतो, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. इथे कुठल्याही गाडीचा नंबर सरकारच्या संकेतस्थळावर टाकला की तिच्या एमओटीचा इतिहास दिसतो: कुठल्या वर्षी पास, कुठल्या वर्षी नापास, कशात, आणि त्या दिवशी मीटर किती होतं. पैसे लागत नाहीत, मालकाची परवानगी लागत नाही, आणि मालकाचं नावही तिथे दिसत नाही. ही गाडी घेताना आम्ही तेच केलं होतं. विकणारे गृहस्थ सांगत होते ते एकीकडे आणि पडद्यावरचा इतिहास एकीकडे ठेवून वाचलं. मीटर दरवर्षी सारख्या चालीने वाढलेलं दिसलं, म्हणजे मागे फिरवलेलं नाही. एका वर्षी अ‍ॅडव्हायझरीत आलेली गोष्ट पुढच्या वर्षी गायब, म्हणजे मालकाने कागद वाचून काम केलेलं. दुसऱ्या एका गाडीच्या इतिहासात तोच दोष वर्षानुवर्षं लक्ष ठेवा, लक्ष ठेवा असा येत गेला होता आणि शेवटी नापासात गेला होता. ती गाडी दिसायला अधिक चकचकीत होती. आम्ही ती सोडली. जुनी गाडी घेणाऱ्याकडे पैसे कमी असतात आणि फसवणूक परवडत नाही. त्याच्या हातात इतकी माहिती फुकट देणारी ही सोय गरिबाच्या बाजूची आहे असं मी म्हणेन.

हे सगळं एका दिवसात उभं राहिलेलं नाही. 1960 मध्ये अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना ही तपासणी सुरू झाली तेव्हा ती फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच पाहत. पुढच्याच वर्षी वयाची अट सातवर आणली आणि 1967 मध्ये तीनवर. टायर 1968 मध्ये आले, धुराचं मोजमाप 1991 मध्ये. 2023 मध्ये सरकारने पहिली तपासणी चार वर्षांनी करावी का यावर लोकांची मतं मागवली होती. उत्तर आयर्लंडमध्ये चार वर्षांनीच होते, त्यामुळे कल्पना अगदीच नवी नव्हती. शेवटी तीनच वर्षं राहिली आणि मला त्याचं बरं वाटलं. उलट, चाळीस वर्षांहून जुन्या, फारसे बदल न केलेल्या गाड्यांना 2018 पासून सूट आहे ती मला पटत नाही. त्यांचे मालक बहुतेक हौशी आणि काळजी घेणारे असतात हे खरं, पण काळजी घेणाऱ्यालाही रॅम्पखालचं दिसत नाही.

माझं माहेर साताऱ्याचं. धाकट्या भावाकडे वडिलांची जुनी पेट्रोल गाडी आहे, एमएच 11 पासिंगची. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. टॅक्सी-ट्रकसारख्या गाड्यांना पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, पण घरच्या गाडीला मधल्या काळात पीयूसी सोडून कायद्याने कुठली तपासणी लागत नाही. आणि पीयूसी फक्त धूर पाहते. पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, 1 एप्रिल 2022 पासून पाच हजार रुपये झालेली नूतनीकरणाची फी भरायची, आणि मग पुढची पाच वर्षं मिळतात. भावाने ते सगळं रीतसर केलेलं आहे. तरीही पंधरा वर्षं, आणि मग पाच-पाच वर्षं, हे अंतर मला फार वाटतं. साताऱ्याला विन्सफर्डचं मीठ नाही, सिल सडायची भीती कमी. पण रबर उन्हानेही मरतं, ब्रेक ऑइल पाणी धरतंच, आणि खंबाटकीचा उतार दर वेळी तेवढाच ब्रेक मागतो.

गाडी नापास झाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडे बरं आहे, कुणीतरी बघतं तरी. इथे मी फिटरला काय सांगू, सगळं बघ म्हणून? तो म्हणतो, आवाज येतोय का? नाही ना? मग चालवा."

मी त्याला नियमपुस्तिकेतला ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि टायरचा भाग मराठीत उतरवून पाठवला. एका पानात बसेल एवढाच: काय पाहायचं, हाताने काय हलवून पाहायचं, किती ढिलं म्हणजे ढिलं. फिटरला मजुरी आधीच ठरवून द्यायची, काही बदललं तरच पैसे असं म्हणायचं नाही, हेही लिहिलं. नुसतं पाहण्याचे पैसे मिळाले तर माणूस शांतपणे पाहतो. विकण्यासाठी पाहायला लागला की एकतर सगळंच खराब दिसतं किंवा काहीच नाही.

फिटरने गाडी पिटवर घेतली आणि अर्धा दिवस तो कागद हातात धरून काम केलं, असं भाऊ सांगत होता. पुढच्या दोन्ही ब्रेकच्या रबरी होजना वाकवल्यावर भेगा दिसल्या. बाहेरून, सरळ असताना, दिसत नव्हत्या. त्या दोन्ही त्याच दिवशी बदलल्या, ब्रेक ऑइलही नवं भरलं. ड्रायव्हर साइडच्या टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या, टोकाला थोडा ढिलेपणा आहे, तो भाग पुण्याहून मागवला आहे. नंतर भावाने मागच्या टायरच्या कडेचा फोटो पाठवला आणि नक्षी तर बरी आहे, मग फिटर बदला का म्हणतोय असं विचारलं. मी फोटो मोठा करून कडेवरचे चार आकडे वाचले. 2314. म्हणजे 2014 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेले. त्याला तसं कळवलं. शनिवारी तो टायरवाल्याकडे जाणार आहे.